डीपीएफची लाईट परत परत लागायली? फिल्टर बदलायच्या आधी कूलंटचं टेम्परेचर बघा

प्रश्न सेलूच्या एका गुरुजींचा आहे, थोडक्यात सांगतो. २०२१ ची डिझेल एसयूव्ही, बीएस-६, ८२ हजार किलोमीटर झालेली. डिसेंबरपासून डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची लाईट लागायली. वर्कशॉपात दोनदा फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे स्कॅनर लावून काजळी जबरदस्तीनं जाळायचं काम, करून दिलं, दोन्ही वेळेस लाईट गेली अन् तीनशे-साडेतीनशे किलोमीटरला परत हजर. कुणीतरी सांगितलं म्हणून जालन्याला समृद्धीवर चढून संभाजीनगरपर्यंत शंभरनं पळवली, तरी काही फरक नाही. आता वर्कशॉप म्हणतंय फिल्टरच बदला, खर्च लाखाच्या वर, अन् ओळखीतला एक जण म्हणतोय फिल्टर आतून कापून टाकू, लाईट लागू नये म्हणून इंजिनच्या कॉम्प्युटरला दुसरा प्रोग्राम मारू, विषय संपला. गुरुजींचं रोजचं चालवणं म्हणजे शाळेला ९ किलोमीटर जाणं अन् ९ येणं. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, की मागच्या मे महिन्यात गाडी गरम व्हायली होती, इथल्याच गॅरेजात काम करून घेतलं, तेव्हापासून काटा कधी वर गेला नाही, गाडी एकदम थंड चालते.

गुरुजी, तुमच्या अख्ख्या प्रश्नात कामाची ओळ तीच आहे अन् ती तुम्ही शेवटी कौतुकानं लिहिलीय. मी परभणीत बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली शेवटची काही वर्षं जास्त करून स्कॅनर अन् वायरिंगचंच काम. तुमची गाडी मी बघितलेली नाही, त्यामुळं छातीठोक सांगत नाही, पण पैज लावायची म्हणलं तर मी थर्मोस्टॅटवर लावीन, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणाऱ्या झडपेवर. आपल्याकडं उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीला गाडी गरम व्हायली की बऱ्याच ठिकाणी पहिलं काम काय करतात, थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. "थंड मुलखात लागतं ते, आपल्याकडं काय काम त्याचं" असं वर ऐकवतात. जुन्या गाड्यांत खपून गेलं, मी पण शिकाऊ असताना उस्तादाच्या सांगण्यावरून काढलेत, खोटं कशाला बोलू. पण बीएस-६ गाडीत तेच केलं की सहा महिन्यांनी डीपीएफ बोंबलतो अन् तेव्हा दोन्हीचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

संबंध कसा लागतो ते नीट सांगतो, कारण हे कळलं तर पुढचं सगळं कळंल. डीपीएफ म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, त्यातली एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद, म्हणून धुराला भिंतीतूनच पार व्हावं लागतं अन् काजळी भिंतीवर अडकते. ही काजळी जाळायची दोन प्रकारं आहेत. हायवेला सलग, ओझ्याखाली गाडी चालली की एक्झॉस्ट गरम होतो अन् थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. तेवढं पुरलं नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतः जाळणी लावतो, म्हणजे सिलेंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतो, ते डीपीएफच्या पुढं बसवलेल्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये जळतं अन् फिल्टरच्या तोंडाशी ६०० डिग्रीच्या आसपास उष्णता तयार होते. दहा-वीस मिनिटांचा खेळ. बऱ्याच गाड्यांत तीनशे ते पाचशे किलोमीटरला एकदा हे चालतं अन् ड्रायव्हरला पत्ता पण लागत नाही, फार तर आयडलचा आरपीएम थोडा वर दिसंल, अॅव्हरेज खाली दिसंल, गाडी बंद केल्यावर पण फॅन घुर्र करत राहील.

आता ईसीयू ही जाळणी कधीही लावत नाही. इंजिन गरम पाहिजे, कूलंट साधारण ७० च्या वर. कामून, तर थंड इंजिनात उशिरा सोडलेलं डिझेल नीट वाफ होत नाही, सिलेंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जातं, अन् पुढचा कॅटॅलिस्ट पण तापलेला नसतो. टाकीत डिझेल रिझर्व्हला आलेलं असलं तरी बऱ्याच गाड्या जाळणी लावत नाहीत, अन् ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), इंजेक्टर किंवा टेम्परेचर सेन्सरचा बिघाडाचा कोड आधीच बसलेला असला तरी नाही.

मग तुमच्या गाडीत काय होत असंल बघा. थर्मोस्टॅट नाही म्हणजे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतंय. डिसेंबर-जानेवारीची सकाळ, समोरून वारं, कूलंट ५५-६० च्या वर जातच नाही. समृद्धीवर शंभरनं पळवली तर वारं अजून जास्त, इंजिन अजून थंड. म्हणून फरक पडला नाही. अन् वर्कशॉपात फोर्स्ड मारलं तेव्हा का झालं? कारण तिथं गाडी उभी आहे, समोरून वारं नाही, आरपीएम चढवून ठेवलाय, वीसेक मिनिटात कूलंट ७५ झाला, अट पूर्ण झाली, जाळणी झाली, लाईट गेली. तुम्ही गाडी घेऊन सेलूला आलात अन् दुसऱ्या दिवसापासून परत तेच थंड इंजिन. उन्हाळ्यात निभलं कारण हवाच ४२ ची होती. डिसेंबर लागला अन् लाईट लागली. सगळं जुळतंय की नाही.

हे तपासायला स्कॅनर पण लागत नाही. सकाळी गार गाडी चालू करा, बॉनेट उघडा, रेडिएटरचा वरचा जाड पाइप हातानं चाचपा, फॅन अन् बेल्टपासून हात, मफलर, उपरणं लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असला तर तो पाइप बराच वेळ गार राहतो अन् मग एकदम चटका बसण्यासारखा गरम होतो. थर्मोस्टॅट काढलेला किंवा उघडा अडकलेला असला तर पाइप सुरुवातीपासून हळूहळू कोमट कोमट होत जातो. काट्यावर मात्र जास्त भरोसा ठेवू नका, हल्लीच्या गाड्यांत काटा मुद्दाम मधी थांबवलेला असतो, खरं टेम्परेचर दहा-वीसनं हललं तरी तो हलत नाही. उलट तुमचा काटा मध्यापर्यंत पण येत नसंल तर इंजिन खरंच लई थंड चाललंय असं समजा. असल्या वेळेस पी ०१२८ कोड, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही, यायला पाहिजे, पण सगळ्या गाड्यांत तो वेळेवर येईलच याची खात्री नाही. अन् फक्त डीपीएफच्या मेनूत जाऊन रिजनरेशनचं बटण दाबणाऱ्याला बाकीचे आकडे दिसत पण नाहीत.

समजा थर्मोस्टॅट जागेवर निघाला, माझी पैज हरली, मग पुढं काय. आता हे मी फक्त तुमच्यासाठी नाही लिहीत, कारण महिन्यातून चार-पाच जण हाच विषय घेऊन येतात अन् निम्म्यांच्या हातात आधीच फिल्टरचं कोटेशन असतं. दुखणं रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, असं चाललंय.

मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो, फोर्स्ड केल्यावर फिल्टरचं प्रेशर, म्हणजे त्याच्या आधीच्या अन् नंतरच्या प्रेशरमधला फरक, खाली आलं का. आलं, अन् काही दिवसांनी परत चढलं, तर फिल्टर बिचारा ठीक आहे, काजळी जास्त तयार होतेय नाहीतर जाळणी लागत नाहीय. जाळणी पूर्ण होऊन पण प्रेशर खाली आलंच नाही, तर मग राख भरलीय, ठोकळा वितळलाय, किंवा सेन्सर खोटं बोलतोय. या दोन वाटा पहिल्यांदाच वेगळ्या केल्या की निम्मं काम तिथंच होतं.

सेन्सर म्हणजे डिफरन्शियल प्रेशर सेन्सर, फिल्टरच्या आधीचं अन् नंतरचं प्रेशर यातला फरक मोजतो, दोन बारीक पाइप येतात त्याला. लाईव्ह डेटा लावा, चावी ऑन, इंजिन बंद. आकडा शून्य पाहिजे, किंवा शून्याला चिकटून. इंजिन बंद असताना दीड-दोन किलोपास्कल दाखवत असंल तर तिथंच थांबा, फिल्टरला हात लावू नका. मग चालू करा, गरम इंजिनाला आयडलवर साधारण एक किलोपास्कलच्या आत, उभ्या गाडीत २५००-३००० आरपीएमला चांगला फिल्टर दोन ते पाचच्या दरम्यान दाखवतो, दहाच्या वर जायला लागला तर चोक आहे म्हणायचं. हे माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांचे आकडे, मॉडेलप्रमाणं फरक असतो, कंपनीचा आकडा मिळत असंल तर तोच धरा. अजून एक बघायचं, आरपीएम हळूहळू वाढवला तर आकडा पण सोबत हळूहळू वाढला पाहिजे. मेल्यासारखा एकाच जागी बसला किंवा उड्या मारायला लागला तर पाइप बघा.

पाइपावरून आठवलं. मागच्या दिवाळीनंतर गंगाखेडकडची एक सात सीटर आली होती, तीन ठिकाणी फिरून. कोड पी २४४ए, म्हणजे प्रेशर फरक अपेक्षेपेक्षा कमी. एकानं सांगितलं होतं फिल्टर आतून फुटलाय. मी सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, बोट स्वच्छ. आता डीपीएफ चांगला असलेल्या गाडीचं सायलेन्सर आतून करड्या रंगाचं, कोरडं राहतं, काजळी बोटाला लागली तर ठोकळा फुटलाय नाहीतर कुणीतरी कापलाय. इथं तर स्वच्छ. म्हणून गाडी लिफ्टवर घेतली अन् सेन्सरच्या पाइपावर टॉर्च मारली, तर फिल्टरच्या आधीचा जो रबरी पाइप, त्याला बरोबर उंदराच्या दोन दातांची खूण, आरपार. गाडी रात्री सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहायची. प्रेशर तिथूनच निसटतंय तर सेन्सरला कमीच दिसणार. वीतभर पाइप बदलला, तो पण उष्णता सोसणारा घ्यायचा, पेट्रोलचा साधा पाइप घातला तर महिन्यात विरघळतो. सेन्सर नवा घातला तर स्कॅनरमधून त्याचं झिरो कॅलिब्रेशन करायचं विसरू नका, बरेच जण विसरतात, अन् दोन पाइप उलटे लावणारे पण बघितलेत मी.

कोडचं म्हणाल तर कोड म्हणजे निकाल नाही. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली, पी २००२ म्हणजे फिल्टरचं काम नीट नाही, पी २४५२ ते २४५५ हे प्रेशर सेन्सरच्या सर्किटचे, पी २४२एफ राखेचा. पण तुमच्याकडं कुणीही स्कॅनर लावला तर पहिल्यांदा सगळे कोड, फ्रीझ फ्रेमसकट (म्हणजे कोड बसला त्या क्षणाचे आकडे), फोटो काढून ठेवा अन् मगच इरेज करू द्या. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्या इरेज करून आणलेल्या असतात, म्हणजे चोर गेला अन् पावलं पण पुसली. शेवटची यशस्वी जाळणी किती किलोमीटरपूर्वी झाली अन् अर्धवट किती झाल्या, हे दोन आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

आता काजळी जास्त तयार होण्याची कारणं. यात सगळ्यात जास्त सापडणारं म्हणजे टर्बोची हवा लीक. वसमतहून हळद घेऊन नांदेडला जाणारा एक पिकअप आला होता, तक्रार तुमचीच, फक्त त्याची लाईट दीडशे किलोमीटरला लागायची अन् चढाला ओढ नव्हती. त्याच्या इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) खालच्या होजला हात लावला तर ओला, अन् त्या ओल्यावर धूळ बसून काळ्या मातीचा थर झालेला, क्लिपच्या खाली बोटभर चीर. टर्बोच्या हवेत तेलाचा थोडा अंश असतोच, जिथं हवा निसटते तिथं तो बाहेर येतो अन् आपल्याकडची धूळ त्याला चिकटते, म्हणून मी आधी स्कॅनर नाही, चिंधी अन् टॉर्च घेतो. होज बदलला, जाळणी केली, गाडी परत नाही आली. बीएस-४ च्या जमान्यात हीच गाडी काळा धूर ओकत आली असती अन् लांबूनच कळलं असतं. आता धूर फिल्टर गिळतो, बाहेर काही दिसत नाही, म्हणून लाईट लागली की समजायचं आत धूर झालाय, अन् तो कुठून झाला ते शोधायचं.

त्याच्या खालोखाल ईजीआर उघडा अडकलेला, इंजेक्टर ठिबकणारे, एअर फिल्टर चोक. इंजेक्टरचं रिटर्न बाटल्या लावून मोजता येतं अन् स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलेंडरचं करेक्शन, म्हणजे ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते, पण दिसतं, एखादा बाकीच्यांपेक्षा लई वेगळा दिसला तर तोच. एअर फिल्टर तर सोयाबीन काढणीच्या दिवसात बांधाकडच्या रस्त्यानं जाणाऱ्यांनी शेड्यूलच्या अर्ध्यावरच बघावा. टर्बो तेल पिऊ लागला तर काजळी अन् राख दोन्ही वाढतं, इंटरकूलर उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

चालवण्याचा भाग पण आहे, गुरुजी. ९ किलोमीटर म्हणजे इंजिन तापेपर्यंत शाळा आली. मे महिन्यात एसी लावून लिंबाखाली तासभर गाडी चालू ठेवून झोपणारे, वरातीपुढं दोन-दोन तास आयडलवर रांगणारे, यांच्या गाडीत काहीही बिघाड नसताना लाईट लागते. तुम्ही आठवड्यातून एकदा परभणीला या की, पाऊण-एक तास सलग, पाचव्या गिअरला नको, चौथ्याला दोन हजारच्या वर आरपीएम ठेवून. नुसता वेग असून भागत नाही, इंजिनावर ओझं अन् उष्णता पाहिजे. मात्र थर्मोस्टॅट बसवल्यावर, त्याआधी कितीही पळवलं तरी डिझेलच जाळाल.

सगळ्यात महत्त्वाचं अन् कुणी न बघणारं, ऑइलची पातळी. अर्धवट राहिलेल्या जाळणीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आजच डिपस्टिक काढून बघा. पातळी मॅक्सच्या वर गेली असंल, ऑइल पातळ लागत असंल, डिझेलचा वास येत असंल, तर गाडी फिरवू नका अन् फोर्स्ड तर अजिबात मारू देऊ नका, आधी ऑइल बदला. पातळ ऑइलानं बेअरिंग अन् टर्बो जातात, अन् पातळी लई वाढली तर इंजिन ते ऑइलच ओढून स्वतःच्या मर्जीनं पळायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही. मी एकदा बघितलंय, परत बघायची इच्छा नाही. ऑइल घालताना लो-अॅश ग्रेडच घाला, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ लिहिलेलं असतं, मोठ्या गाड्यांना सीके-४, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असंल ते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं ऑइल डीपीएफच्या गाडीत ओतणारे पण आहेत आपल्याकडं.

कारण इथं राखेचा विषय येतो. काजळी जळते, राख जळत नाही. चुलीत गोवऱ्या कितीही पेटवा, राख शेवटी खोऱ्यानंच काढावी लागते. ती राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या अॅडिटिव्हची असते. ८२ हजारला, ऑइल बरोबर वापरलेलं असंल तर, राखेनं फिल्टर भरलाय असं मी मानणार नाही. अन् भरला तरी लगेच नवा कशाला, फिल्टर खोलून भट्टीत तापवून मागच्या बाजूनं हवा मारून साफ करणारे आहेत, नव्याच्या मानानं खर्च कितीतरी कमी. साफ करायच्या आधीचं अन् नंतरचं वजन अन् प्रेशर लिहून मागा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून धुऊ नका, अॅसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड ओतू नका, आतलं कोटिंग जातं अन् मग खरंच नवा घ्यावा लागतो.

फोर्स्ड रिजनरेशन पण औषध आहे, जेवण नाही. महिन्यात दोनदा मारायची वेळ आली तर तिसऱ्यांदा मारायच्या आधी कारण शोधा. काजळी मर्यादेच्या लई वर गेलेली असली तर एकदम पेट घेऊन ठोकळा वितळतो, म्हणून स्कॅनर नको म्हणत असंल तर त्याला फसवून मारू नये. अन् जागा बघा. सायलेन्सरखाली वाळलेलं गवत, उसाचं पाचट, कापसाच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुसकट काही नको. रस्त्यावर जाळणी चालू असताना पण शेतात पाचटावर गाडी उभी करू नका, हे कुणी सांगत नाही अन् आपल्या भागात हेच जास्त घडण्यासारखं आहे.

कापायचं म्हणाल तर माझ्याकडं ते काम होत नाही, सरळ सांगतो. कायद्यानं चालत नाही, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. ते सोडा, तुमच्या केसमध्ये कापून मिळणार काय, इंजिन तसंच थंड चालणार, घासणार, डिझेल जास्त पिणार, फक्त सांगणारी लाईट मेली. वर प्रोग्राम मारताना ईसीयू बसला तर ते वेगळंच.

एक घोळ अजून काढून टाकतो, तुम्ही "युरिया टाकला तर फरक पडंल का" असं पण विचारलंय. डीईएफ म्हणजे तो युरिया वेगळ्या सिस्टिमचा, एससीआरचा, नायट्रोजन ऑक्साइडसाठी. डीपीएफच्या काजळीशी त्याचा संबंध नाही, अन् तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची टाकीच नसंल तर विषयच नाही. अन् शेतातला युरिया पाण्यात कालवून, नको, खरंच नको.

तर आता असं करा. आज डिपस्टिक. उद्या सकाळी रेडिएटरचा पाइप. मे महिन्यात काम केलेल्या मेकॅनिकला फोन करून शांतपणे विचारा, "थर्मोस्टॅट ठेवला का काढला," भांडू नका, तो खरं सांगंल, त्याच्या हिशोबानं त्यानं तुमचं भलंच केलंय. काढलेला असला तर कंपनीच्याच टेम्परेचर रेटिंगचा नवा बसवा, अन् मे महिन्यात मुळात गरम का होत होती ते पण बघून घ्या, रेडिएटरच्या जाळीत कचरा, फॅन, कूलंटऐवजी बोअरचं पाणी, काहीतरी असणारच, नाहीतर येत्या उन्हाळ्यात परत तेच. मग ऑइल बदलून एकदाच फोर्स्ड करा अन् वर सांगितलेले प्रेशरचे तीन आकडे लिहून घ्या, बंद, आयडल अन् २५०० ला. हे होईस्तोवर फिल्टरचं कोटेशन टेबलाच्या खणात ठेवा.

अन् शेजारी कुणाकडं साधा ब्लूटूथवाला ओबीडी, म्हणजे गाडीचे आकडे मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर, असंल तर मोबाईलला लावून पाथरी रोडला ८० नं दहा मिनिटं चालवा, कूलंटचा आकडा बघायला मागं कुणालातरी बसवा, स्वतः बघू नका. ८५-९० च्या घरात टिकला तर मी हरलो, पुढचे आकडे घेऊन परभणीला या. ६० ला घुटमळला तर मला फक्त तेवढाच आकडा कळवा.